काळ्या मातीवर फुटबॉलचं स्टेडियम: आधी जमिनीखालचा खर्च

प्रश्न असा आहे: मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी जुना फुटबॉल क्लब आहे. पालिकेची पाच एकर सपाट, काळी जमीन मिळण्याची शक्यता आहे. एरवीच्या सामन्याला तीन-चारशे माणसं येतात, अंतिम सामन्याला चार-पाच हजार. आधुनिक स्टेडियम करायचं तर गॅलरी किती आसनांची ठेवावी, गवत खरं लावावं की कृत्रिम, आणि पाण्याचं काय?

हा क्रम उलटा करा. आधी पाणी, मग गवत आणि त्याखालची जमीन, गॅलरी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे भूमिपूजन गॅलरीचं होतं, पैसे गॅलरीतच संपतात आणि मैदानावर रोलर फिरवून फक्की मारली जाते. पुढच्या जुलैत गोलापुढे गुडघाभर चिखल आणि एप्रिलमध्ये पंजा जाईल एवढी भेग. खेळाडूचा घोटा त्या भेगेत जातो.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. खेळाचं मैदान १०५ बाय ६८ मीटर धरा, चारही बाजूंनी पाच मीटर मोकळी पट्टी सोडा, म्हणजे ११५ बाय ७८, जवळपास ९,००० चौरस मीटर हिरवळ. मे महिन्यातल्या उन्हात हरळीच्या जातीचं गवत दिवसाला सुमारे ५ मिमी पाणी घेतं. म्हणजे ४५,००० लिटर. तुषार सिंचनात वाऱ्याने आणि बाष्पीभवनाने पाव भाग वाया जातो, म्हणून प्रत्यक्षात ६०,००० लिटर सोडावे लागतात. दहा हजार लिटरचे सहा टँकर, रोज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वॅगनमध्ये मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. एवढं पाणी हे मैदान आठ दिवसांत पितं. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या नळावर किंवा बोअरच्या भरवशावर मैदान उभं करणं चूक आहे. दुष्काळात ते पाणी मैदानाला मागता येत नाही आणि मागूही नये.

शेततळं करा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, एकास एक उताराचं, अस्तर घातलेलं तळं पूर्ण भरलं तर २२ लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यातले जेमतेम छत्तीस दिवस, आणि वाफ होऊन जाणारं पाणी त्यातून आणखी वजा. गॅलरीच्या छपराचं आणि मैदानाच्या निचऱ्याचं पाणी या तळ्यात घ्यायचं ते पावसाळ्यातली उघडीप आणि ऑक्टोबरची तापलेली हवा निभावण्यासाठी.

खरा स्रोत म्हणजे शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी. दिवसाला दहा लाख लिटर शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातून तुम्हाला फक्त सहा टक्के पाणी हवं आहे. जमिनीच्या करारासोबतच पालिकेकडून या पाण्याचा ठराव करून घ्या, आणि नळवाहिनी कुठवर कोण आणणार हे त्यात लिहून घ्या. पाणी घेण्याआधी त्याची क्षारता (ईसी), सोडियमचं प्रमाण (एसएआर), क्लोराईड आणि जंतू तपासा. हरळी बऱ्यापैकी क्षार सोसते. क्षार फार जास्त असतील तर पास्पालम जातीचं गवत घ्या, ते त्याहून खारं पाणी सहन करतं. पाणी शेवटच्या गाळणीतून आणि क्लोरीन किंवा अतिनील प्रक्रियेतून गेलेलंच हवं, कारण मुलं या गवतावर पडतात, तोंड पुसतात. पाणी पहाटे द्या. संध्याकाळी दिलं तर पातं रात्रभर ओलं राहून बुरशी धरते.

आता मातीकडे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पहिल्या चांगल्या पावसात भेगा मिटतात आणि मग पाणी तासाला एखाद-दोन मिलिमीटरच्या वर मुरत नाही. शेतकरी वाफशाची वाट बघतो, पण सामना वाफशासाठी थांबत नाही. म्हणून मुळं वाढतील तो थर काळ्या मातीचा ठेवायचाच नाही.

वरून खाली थर असे येतात: ३० सेंटिमीटर वाळू, त्याखाली १० सेंटिमीटर धुतलेली ६ ते १० मिमीची खडी, त्याखाली जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं), आणि मग दाबून बसवलेला मुरूम. काळी माती मीटरभरच असेल तर ती काढून थेट मुरमावर या. तीन-चार मीटर खोल असेल तर सगळी काढायच्या फंदात पडू नका. अर्धा-पाऊण मीटर काढा आणि तेवढा न फुगणारा मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, कंपन रोलरने दाबा. काळी माती फुगते ती ओलावा बदलल्यावर. वर मुरमाचं झाकण असलं आणि कडेने पाणी शिरलं नाही, तर ती बरीच शांत राहते.

खडीच्या तळाला दर पाच मीटरवर चर घ्या. १०० मिमीचे छिद्रांचे पाइप, १,००० ला ५ चा उतार, आणि ते सगळे कडेच्या १६० मिमीच्या मुख्य पाइपला जोडायचे. अशा मैदानाला साधारण १,८०० मीटर पाइप लागतो. प्रत्येक ओळीच्या टोकाला साफसफाईचं तोंड ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी गाळ काढायला मैदान खोदावं लागेल. मैदानाला मधून दोन्ही कडांकडे अर्धा टक्का ढाळ द्या, म्हणजे मधोमध १७ सेंटिमीटर उंची. एवढा ढाळ डोळ्याला दिसत नाही.

कापड कुठे घालायचं यात हमखास गोंधळ होतो. ते खडी आणि खालची माती यांच्यामध्ये असतं. वाळू आणि खडीच्या मध्ये कधीच नाही. तिथे घातलं की वाळूतला बारीक कण कापडावर साचतो आणि तीन पावसाळ्यांत तिथे चिकट पडदा तयार होतो. वाळूचे कण योग्य जाडीचे असतील तर ती खडीत गळत नाही. उलट बारीक वाळू आणि मोकळी खडी यांच्या सीमेवर थोडं पाणी अडून राहतं, आणि तेच गवताचं राखीव पाणी. म्हणूनच वाळूचा थर सगळीकडे सारखा लागतो. २५ सेंटिमीटर झाला तिथे मैदान दलदलीत राहतं, ३६ झाला तिथे गवत करपतं. खुंट्या मारून, दोरी धरून दर पाच मीटरला मोजा आणि दोन सेंटिमीटरच्या वर फरक चालवून घेऊ नका.

वाळू कशी हवी? निदान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरमधले असावेत, आणि गाळ, चिकणमाती व अतिबारीक वाळू मिळून दहा टक्क्यांच्या आत. गोदावरीची चाळलेली, धुतलेली वाळू उत्तम, पण ती रॉयल्टीच्या पावतीसह, कायदेशीर लिलावातलीच घ्या. बेसाल्टची क्रश सँड चालते, मात्र दोनदा धुतलेली. तिच्यातली भुकटी न धुता टाकली तर पहिल्या उन्हाळ्यात पृष्ठभाग सिमेंटसारखा घट्ट होतो. गाडी रिकामी करण्याआधी एक साधी चाचणी घ्या. पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, दोन मिनिटं जोरात हलवा, तासभर ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या विसाव्या हिश्श्याहून जाड दिसला तर गाडी परत पाठवा. प्रमाण म्हणाल तर ९,००० चौरस मीटरला ३० सेंटिमीटर म्हणजे २,७०० घनमीटर, म्हणजे साधारण ९५४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दबल्यावर बसते म्हणून दहा टक्के जास्त धरा: १,०५० ब्रास, पाच ब्रासच्या हायवा ट्रकच्या दोनशेहून जास्त खेपा. खडी ३२० ब्रास. प्रत्येक खेपेचा नमुना एका पिशवीत, तारीख घालून ठेवा.

वाळूत आकारमानाने दहा टक्के पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यातून गाजर गवत येतं. लव्हाळा बहुधा मातीबरोबर, त्याच्या गाठींतून येतो, आणि वाळूत तो एकदा शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. "वरून दोन इंच लाल माती टाकू" किंवा "तलावाचा गाळ फुकट मिळतोय" असं कुणी म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा. शेताला सोनं ठरणारा गाळ इथे खालच्या सगळ्या कामावर पाणी फिरवतो.

तयार लॉनचे गालिचे घेतानाही हीच चूक होते. गालिचा उचलून त्याची खालची बाजू बघा: मुळांना दोन सेंटिमीटर काळी माती चिकटलेली असते. तो वाळूवर अंथरला की पाणी त्या दोन सेंटिमीटरमध्येच अडतं, गवताची मुळं खाली वाळूत उतरत नाहीत, आणि पहिल्या टॅकलला हातरुमालाएवढा तुकडा सुटून येतो. त्यापेक्षा धुतलेल्या काड्या लावा. संकरित हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या दहा सेंटिमीटरवर, एक पेर वर ठेवून खोचायच्या, वर पाच मिलिमीटर वाळू, हलका रोलर, आणि पहिले पंधरा दिवस दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं पाणी. जूनअखेर लावलं तर दसऱ्याच्या सुमाराला मैदान खेळण्याजोगं होतं.

त्यानंतरची देखभाल हा रोजचा धर्म आहे. उंची २५ ते ३० मिमी, आणि एका कापणीत पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी कापावं लागतं. सिलिंडर मोअरच (फिरत्या रुळावरच्या पात्यांचं गवतकापणी यंत्र) घ्या, ब्रश कटरने पातं फाटतं आणि टोकं पांढरी पडतात. वाढीच्या महिन्यात चौरस मीटरला ४ ग्रॅम नत्र, म्हणजे पूर्ण मैदानाला ७८ किलो युरिया, पावणेदोन गोण्या. तो दोन हप्त्यांत द्या आणि लगेच पाणी मारा. वाळूत पालाश टिकत नाही, म्हणून ते नत्राबरोबर थोडं थोडं द्यावं लागतं. आपल्या चुनखडीच्या पाण्याने पातं पिवळं पडलं आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) फवारा, आठवड्यात रंग परततो. पावसाळ्यात गवत चटईसारखं हाताने सोलून निघू लागलं तर खाली हुमणी आहे असं समजा आणि फूटभर चौकोन खणून अळ्या मोजा. गोलापुढचा भाग आणि बाजूच्या पंचाची धाव यांना महिन्यातून एकदा पोकळ दात्यांनी भोकं पाडून वाळू भरा.

दुष्काळ पडला तर मैदान बंद ठेवा आणि पंधरवड्याला एकदाच १५ ते २० मिमी पाणी द्या. गवत गवती छपरासारखं पिवळं दिसेल, पण जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला फुटतात.

खऱ्या गवताची एक मर्यादा मान्य करायलाच हवी: आठवड्याला आठ-दहा तासांपेक्षा जास्त खेळ ते सोसत नाही. क्लबच्या चार वयोगटांचा सराव त्यावर बसत नाही. इथे कृत्रिम गवत कामाचं आहे, पण मुख्य मैदानावर नको. पाच एकरात ६० बाय ४० मीटरचं सरावाचं टर्फ बसतं. ते आठवड्याला चाळीस तास खेळवा, पण पहाटे आणि रात्रीच. हवा ४२ अंश असताना टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. पाणी मारून आलेला गारवा फार वेळ टिकत नाही आणि दमट वाफ वेगळीच. शिवाय आठ-दहा वर्षांनी चटई बदलावी लागते, आणि चटईत भरायच्या रबराच्या दाण्यांचा प्रश्न आहेच. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून २०३१ पासून अशा दाण्यांच्या विक्रीला मनाई ठरवली आहे. आज करार करत असाल तर बुचाची साल किंवा नुसती वाळू भरलेल्या पर्यायांचे दर मागवा.

मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांवर येत नाही. छपराची गॅलरी पश्चिमेला, प्रेक्षकांच्या पाठीशी सूर्य. "सोबत ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅकही बसवू" ही सूचना नक्की येईल. पाच एकरात तो बसवायला गेलात तर सरावाचं टर्फ, तळं आणि वाहनतळ यांतलं काहीच उरत नाही, आणि प्रेक्षक खेळापासून पंधरा-वीस मीटर लांब जातात. धावपटूंना स्वतंत्र मैदान मिळायला हवं, त्यासाठी क्लबने त्यांच्या बाजूने बोलावं.

आसनं १,५०० पुरेत. इथल्या लोकांना फुटबॉल नवा नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळात, १९५० ते १९५४, हैदराबाद सिटी पोलिस संघाने रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला होता. पण प्रेक्षक हळूहळू वाढवावे लागतात, आणि पंधरा हजारांच्या रिकाम्या गॅलरीत चारशे माणसं बसली की खेळाडूलाही ते जाणवतं. खोदाईतून निघालेली साडेचार हजार घनमीटरहून जास्त काळी माती दोन्ही गोलांच्या मागे बांध घालायला वापरा. उतार अडीचास एकपेक्षा उभा नको, वर गवत, आणि त्यावर कसलंही बांधकाम नको. अंतिम सामन्याची गर्दी तिथे बसते.

गॅलरीच्या पायऱ्यांची उंची अंदाजाने ठरवू नका. पुढच्या माणसाच्या डोळ्यांवरून मागच्याची नजर निदान ९ सेंटिमीटर वरून जायला हवी. समजा पहिल्या रांगेतला डोळा बाजूच्या रेषेपासून १० मीटरवर आणि २ मीटर उंचीवर आहे, पायरी ८० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. दुसऱ्या रांगेला १३ सेंटिमीटर मोकळी नजर मिळते. अकराव्या रांगेला मात्र ७.८ सेंटिमीटरच, म्हणजे जवळची रेषा पुढच्याच्या डोक्याआड. म्हणून मागच्या रांगांची उंची ३२ सेंटिमीटरपर्यंत वाढवत न्यायची. कंत्राटदाराला सगळ्या पायऱ्या एकाच साच्यात ओतणं सोपं जातं, त्यामुळे हा तपशील नकाशावर आकड्यांनी लिहा.

पाया अंडर-रीम्ड पाइल्सचा, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा, आणि त्यांची टोकं फुगणाऱ्या थराच्या खाली उतरलेली. पाइलवरची तुळई आणि माती यांच्यात पोकळी ठेवा, नाहीतर माती फुगून तुळई वर ढकलते. काळ्या मातीवरच्या गॅलऱ्या बऱ्याचदा तडकतात त्या खालच्या स्वच्छतागृहाच्या गळतीने: एका कोपऱ्यात माती कायम ओली, दुसऱ्यात कोरडी. म्हणून स्वच्छतागृहं गॅलरीपासून सुटी बांधा आणि भोवती दीड मीटर रुंद फरशी घाला. १९९३ ची किल्लारी लक्षात ठेवून भूकंपाच्या नियमांनुसार सळई गुंफली आहे ना, हे ओतण्याआधी दुसऱ्या अभियंत्याकडून बघून घ्या. छपराला मोठा धोका वळवाच्या वादळाचा. मागून बंद, पुढून उघडी गॅलरी वारा आत घेते आणि पत्रा वर उचलते, त्यामुळे कडेच्या पट्ट्यात स्क्रू दुप्पट हवेत.

दारांच्या बाबतीत तडजोड नाही. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत पायऱ्यांवरून मिनिटाला मीटरमागे ६६ आणि सपाट वाटेने ८२ माणसं, आठ मिनिटांत बाहेर, असं गणित आहे. १,५०० जणांना २.८४ मीटर जिना लागतो. एक जिना अडला असं धरून दीड मीटरचे तीन ठेवा. पाच हजारांसाठी एकूण ७.६ मीटर फाटक, म्हणून २.६ मीटरची चार, सगळी बाहेर उघडणारी, आणि सामना संपायच्या आधी कुलपं निघालेली. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्समध्ये १६ प्रेक्षकांचा जीव गेला. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या कांजुरुहानमध्ये अश्रुधुरानंतर लोक अरुंद दारांशी अडकले आणि १३५ जीव गेले.

दिव्यांसाठी क्लबच्या सामन्याला २०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. खांबाची उंची काढायला मैदानाच्या मधल्या रेषेपासून खांबापर्यंतचं अंतर ०.४६६ ने गुणा: ४२ मीटरवर खांब असेल तर २० मीटर. पैसे वाचवायला १२ मीटरचे खांब घेतले तर उंच चेंडू बघताना दिवा थेट डोळ्यांत येतो.

छोट्या गोष्टींत दोनच सांगतो. फक्कीसाठी विरीचा किंवा कळीचा चुना कधीही वापरू नका, डोळ्यात गेला की नजर जाऊ शकते. खडूची भुकटी किंवा पाण्यातला पांढरा रंग घ्या. आणि हलते गोल जमिनीला अडकवलेलेच असू द्या. मुलं दांडीला लोंबकळतात आणि लोखंडी चौकट अंगावर येते.

सभा, लग्न, पोलिस भरती, १७ सप्टेंबरचं संचलन, सगळ्यांची नजर या हिरवळीवर असेल. मंडपाचा एक खांब पाइप फोडतो आणि ओल्या वाळूवरून गेलेला एक ट्रक तीस सेंटिमीटरचा थर कायमचा दाबून टाकतो. वाहनतळाची जागाच मंडपाजोगी करा, तिथे वीज आणि पाणी द्या आणि पालिकेच्या करारात मैदानाचा वापर फक्त खेळासाठी असं लिहून घ्या.

आता लगेच करायचं काम: जागेवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे मुरूम लागेपर्यंत, फार तर तीन मीटर खोल घ्या. एक मीटरच्या पुढे गेलात तर बाजू उतरत्या ठेवा, कारण काळी माती अचानक ढासळते, आणि भोवती कुंपण घाला. काळी माती कुठे संपते ते मोजा, प्रत्येक थराची दोन-दोन किलो माती प्रयोगशाळेत मुक्त फुगवटा चाचणीला पाठवा. मग एका खड्ड्यात मुरमाच्या पातळीवर फूटभर पाणी भरा आणि चोवीस तासांत ते किती उतरलं ते लिहून ठेवा. निचऱ्याचं पाणी जागेतच जिरवता येईल की तळ्यापर्यंत न्यावं लागेल, हे त्याच आकड्यावरून ठरेल.